अँडी बरा होईपर्यंत

मुलांनो,

सातवीत शिकणाऱ्या एका वाचक मुलीचं मध्यंतरी पत्र आलं. ती लिहिते, ‘बाई, तुम्ही आम्हांला पक्ष्यांविषयी सांगता, कोडी घालता, पुस्तकांची नावं सुचवता. पण तुम्हांला कुठली गाणी आवडतात, ते एकदाही सांगितलं नाहीत. सांगा ना!’

आता आली का पंचाईत! अभंग मला आवडतात, जुन्या सिनेमातली गाणीही आवडतात. पण ‘खास आवडतं काय?’ असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर जरा वेगळं आहे. माझा सगळ्यांत लाडका बँड अमेरिकेतला आहे. तो ‘थ्रॅश मेटल’ नावाचं दणदणीत संगीत वाजवतो आणि त्याचं नाव आहे ‘डेथ एंजल’, म्हणजे मृत्यूचा दूत! पहिलीच्या मुलांकडून बडबडगीतं म्हणवून घेणारी बाई आणि हे असलं नाव? आमच्या शाळेतले सहकारीसुद्धा हसतात. हसोत बापडे! तुम्ही मात्र नावाला घाबरू नका. बँड काढला तेव्हा ही सगळी पोरंसोरंच होती. एका पुस्तकाचं नाव त्यांना भारी वाटलं, तेच त्यांनी उचललं. झालं!

आधी थ्रॅश मेटल म्हणजे काय, ते बघू या. १९८१ ते १९८३ या काळात अमेरिकेत मेटॅलिका, स्लेअर, अँथ्रॅक्स आणि मेगाडेथ हे चार बँड निघाले. हेवी मेटलचा भारदस्त आवाज आणि पंक संगीताचा वेग यांची त्यांनी मोट बांधली. यात गिटार वाजवायची एक खास रीत असते. उजव्या तळहाताची कड तारांवर हलकेच टेकवायची आणि तशातच तारा भराभर छेडायच्या. मग तार मोकळेपणी घुमत नाही. ‘डुगडुग डुगडुग’ असा दबका, ठोसे मारल्यासारखा आवाज येतो. ड्रम वाजवणाऱ्याचे तर चारही हातपाय कामाला! पायांखाली दोन पेडल असतात. दोन्ही पायांनी तो खालचा मोठा ढोल बडवतो आणि दोन्ही हातांनी वरचे छोटे ढोल आणि झांजा वाजवतो. मिनिटाला दोनशे ठोके म्हणजे या मंडळींना विशेष काही नाही. तुमच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकदा ‘टिक’ करतो, तेवढ्यात यांचे तीनहून जास्त ठोके पडतात. मिरवणुकीत ताशाची तर्री सुरू झाली की छातीत धडधडायला लागतं, ठाऊक आहे ना? तसंच काहीसं. (आणि हो, कानात हेडफोन घालून हे मोठ्या आवाजात ऐकायचं नाही, बरं का! कानाचा पडदा काही ढोलाचा नाही.)

माझी या बँडशी ओळख झाली, ती डी. एड. करत असताना. साल होतं २००८. मुलींच्या वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. विजेचं भारनियमन जोरात होतं. संध्याकाळी दिवे गेले की मेणबत्तीच्या उजेडात पाठांची टाचणं काढत बसायचं. माझी एक मैत्रीण वसईची. तिचा भाऊ कॉलेजात गिटार वाजवायचा. त्यानं तिला एका सीडीवर शंभरेक गाणी भरून दिली होती आणि ती ऐकायला सेलवर चालणारा छोटा प्लेअर. इअरफोनची एक बाजू तिच्या कानात, दुसरी माझ्या कानात. असा आमचा अभ्यास चालायचा!

त्या सीडीवर गाण्यांना नावंच नव्हती. नुसतं ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. एका संध्याकाळी ‘ट्रॅक पाच’ सुरू झाला आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. गिटार धावायला लागली. आता गाणारा गाईल, मग गाईल, असं वाटत राहिलं. पण छे! दहा मिनिटं होऊन गेली तरी एक शब्द नाही. नुसती वाद्यं! चाल बदलते, वेग बदलतो, एक तुकडा संपतो न संपतो तोच दुसरा धावत येतो. गोष्ट सांगितल्यासारखं वाजवत होते ते लोक. मी टाचण बाजूला ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

पण हे वाजवलंय कुणी? मैत्रिणीला माहीत नव्हतं. एरवी गाण्यातली एखादी ओळ संगणकावर लिहून शोधता येते. इथं शब्दच नाहीत, तर लिहायचं काय? दोन-अडीच महिने मी ते बिननावाचं गाणं ऐकत होते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिचा भाऊ तिला सोडायला आला. मी वसतिगृहाच्या फाटकाशी त्याला गाठलं आणि तोंडानं ‘डुगडुग डुगडुग’ वाजवून दाखवलं. राखणदार मामा बघतच राहिले! पण भाऊ मोठा पक्का. पटकन म्हणाला, ‘डेथ एंजल. अल्बमचं नाव द अल्ट्रा-व्हायोलन्स, आणि या गाण्याचं नावही तेच. १९८७चं आहे. आणि ताई, गंमत सांगू? ड्रम वाजवणारा चौदा वर्षांचा होता.’

चौदा वर्षांचा! म्हणजे तुमच्यासारखाच आठवी-नववीतला मुलगा की! मला काही खरं वाटेना. मग रविवारी तालुक्याच्या गावातलं सायबर कॅफे गाठलं, तासाचे पैसे मोजले आणि वाचायला बसले. भाऊ म्हणाला ते अगदी खरं होतं.

१९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात या मुलांनी बँड सुरू केला. रॉब कॅव्हेस्टनी आणि गस पेपा गिटारवर, डेनिस पेपा बेस गिटारवर आणि अँडी गॅलियन ड्रमवर. चौघंही एकमेकांचे चुलत-मावस भाऊ, आणि त्यांची घराणी मूळची फिलिपिन्सची. अँडी सगळ्यांत लहान, तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. पुढं १९८४ मध्ये नात्यातलाच मार्क ओसेग्वेडा गायला आला. आहे की नाही गंमत? सुट्टीत मामाच्या गावी जमल्यावर आपण भावंडं नाटक बसवतो ना, तसंच झालं. फरक एवढाच, की यांनी सुट्टी संपल्यावरही ते सोडलं नाही.

त्या काळी घरोघरी इंटरनेट नव्हतं. रेडिओवाले असलं संगीत सहसा वाजवत नसत. मग या मुलांची गाणी लोकांपर्यंत पोचली कशी? तर कॅसेटनं! नव्या बँडनं आपली तीन-चार गाणी कॅसेटवर भरायची. ती ज्याच्या हाती लागेल, त्यानं कोऱ्या कॅसेटवर उतरवून मित्राला द्यायची, परगावच्या ओळखीच्याला पोस्टानं पाठवायची. त्याच्याकडूनही बदल्यात एखादी कॅसेट यायची. या देवाणघेवाणीवर अमेरिका-युरोपातलं अख्खं थ्रॅश मेटल उभं राहिलं. म्हणून त्याला ‘अंडरग्राउंड’ म्हणतात. जाहिरात नाही, बडी कंपनी नाही, सगळा कारभार हातोहात. एक अडचण मात्र होती. कॅसेटवरून कॅसेट उतरवली, की दर वेळी फितीची स्वतःची खरखर गाण्यात मिसळते. आठव्या-दहाव्या हाती पोचेपर्यंत गाणं पावसात उभं राहून गायल्यासारखं ऐकू यायचं. तरी लोक ऐकायचे! डेथ एंजलची अशी एक कॅसेट तयार करून घ्यायला मेटॅलिकाचा गिटारवादक कर्क हॅमेट यानं मदत केली होती. तिच्यामुळं या भावंडांचं नाव दूरवर गेलं.

१९८७ मध्ये पहिला अल्बम आला. त्याचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा अँडी चौदा वर्षांचा होता आणि बाकीच्यांनीही अजून विशी ओलांडली नव्हती. १९८८ मध्ये दुसरा अल्बम आला. मग गेफेन या बड्या कंपनीनं त्यांच्याशी करार केला आणि १९९० मध्ये तिसरा अल्बम आला, ‘अ‍ॅक्ट थ्री’. यात नुसता वेग नाही. मध्येच साध्या गिटारवरचं शांत गाणं येतं, गळ्यातला ठहराव जाणवतो. तीन वर्षांत पोरं केवढी शिकली, ते ऐकताना कळतं. पुढच्या वर्षी अमेरिकेत एक मोठा दौरा ठरत होता. मेगाडेथ, स्लेअर आणि अँथ्रॅक्स, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या चारांपैकी तिघं एकत्र! आणि त्यांच्याआधी रंगमंचावर येऊन सुरुवात करणार होतं डेथ एंजल. हजारो लोकांसमोर वाजवायची संधी अगदी दाराशी येऊन उभी होती.

आणि १९९० च्या अखेरीस घात झाला. कार्यक्रमासाठी लास व्हेगासकडे जाताना अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात त्यांच्या बसला अपघात झाला. अँडी फार गंभीर जखमी झाला. पूर्ण बरा व्हायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. तेव्हा तो होता अठरा वर्षांचा.

इथं, मुलांनो, खरी परीक्षा सुरू झाली. कंपनीचा आग्रह होता, की दुसरा ड्रमर घ्या आणि दौरे चालू ठेवा. भावंडं म्हणाली, ‘नाही. अँडीच्या जागी दुसरा नको.’

याची किंमत काय पडली, ऐका. कंपनीनं त्यांना सोडून दिलं. १९९१ चा तो मोठा दौरा झाला, पण सुरुवातीची जागा ‘अ‍ॅलिस इन चेन्स’ नावाच्या दुसऱ्या नव्या बँडला मिळाली. तो बँड पुढं जगभर गाजला. डेथ एंजल मात्र फुटला. मार्क गाणं सोडून न्यूयॉर्कला निघून गेला. त्याच वर्षी निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ अल्बम आला आणि लोकांची आवडच पालटली. थ्रॅशवाले मागं पडले. थ्रॅशच्या इतिहासात त्या चार बड्या बँडची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. डेथ एंजलचं नाव मात्र पुष्कळ वेळा राहूनच जातं.

सायबर कॅफेत हे वाचलं, तेव्हा माझी वेळ संपली होती. मालक ‘अजून अर्धा तास हवा का?’ म्हणून विचारत होता आणि मला मात्र त्या इस्पितळातल्या खोलीपलीकडचं काही सुचत नव्हतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली. बाहेर धो धो पाऊस, खेळाचा तास वर्गातच घ्यायचा होता. गोष्ट अपघातापर्यंत आणून मी विचारलं, ‘तुम्ही त्या बँडमध्ये असता, तर काय केलं असतं?’

वर्गात नुसता गलका! एक जण म्हणाला, ‘बदली माणूस घ्यायचा की! क्रिकेटमध्ये घेतात.’ त्यावर दुसरा म्हणाला, ‘पण बदली खेळाडू फक्त फिल्डिंग करतो. त्याला बॅटिंग-बोलिंग देत नाहीत.’ (डोक्याला मार लागला असेल, तर २०१९ पासून पूर्ण खेळणारा बदली खेळाडू घेता येतो, हे मी त्याला सांगितलं. तेव्हा पहिला पुन्हा खूश!) मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती म्हणाली, ‘बाई, आमच्या भजनी मंडळातले पखवाजवाले आजोबा आजारी होते, तेव्हा मंडळानं नुसत्या टाळांवर भजन केलं. पखवाज आजोबांच्या खाटेशेजारी नेऊन ठेवला होता.’ यावर वर्ग जरा गप्प झाला. तेवढ्यात एका शांत मुलानं हळूच विचारलं, ‘पण बाई, तो बराच झाला नसता तर?’

बघा, केवढा नेमका प्रश्न! आपण गोष्ट वाचतो, तेव्हा शेवट आपल्याला ठाऊक असतो. त्या भावंडांना तो ठाऊक नव्हता. अँडी पुन्हा वाजवू शकेल की नाही, याची खात्री नसतानाच त्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं.

मी वर्गात निकाल दिला नाही. कारण दुसऱ्या बाजूलाही म्हणणं आहे. बदली वादक घेणारे सगळे काही निष्ठुर नसतात. कुणाच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नसतं, कुणाच्या डोक्यावर कर्ज असतं. थांबणं प्रत्येकाला परवडत नाही. पण इथं ड्रमची जागा फक्त ठोके देणाऱ्या माणसाची नव्हती. दहाव्या वर्षापासून तिथं अँडी बसत होता. अंथरुणात पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला ‘आमचं तुझ्यावाचून चाललं आहे’ असं कळणं आणि ‘आम्ही थांबलो आहोत’ असं कळणं, यांत केवढा फरक आहे! तुमच्यापैकी जे कुणी कधी महिनाभर आजारी पडले असतील आणि ज्यांची वही मैत्रिणीनं भरून ठेवली असेल, त्यांना तो लगेच कळेल.

पुढं काय झालं? अँडी बरा झाला. रॉब, डेनिस, गस आणि अँडी यांनी ‘दि ऑर्गनायझेशन’ नावाचा नवा बँड काढला. १९९३ आणि १९९५ मध्ये त्याचे दोन अल्बम आले. फार गाजले नाहीत. पण त्यांवर ड्रम कुणी वाजवलेत? अँडीनं!

मग २००१ साल उजाडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्याच परिसरातल्या टेस्टामेंट या बँडचा गायक चक बिली याला कर्करोग झाला. उपचारांसाठी पैसे उभे करायला ऑगस्ट महिन्यात एक मोठी मैफल ठरली. जुन्या थ्रॅश बँडना निरोप गेले. डेथ एंजल फुटून दहा वर्षं झाली होती. तरी मंडळी जमली आणि मार्क पुन्हा माईकपाशी उभा राहिला. गस येऊ शकला नाही, त्याच्या जागी टेड अ‍ॅग्विलार आला. ड्रमवर अर्थातच अँडी. एका आजारी माणसासाठी थांबलेला बँड दुसऱ्या आजारी माणसासाठी पुन्हा सुरू झाला! चक बिली बरा झाला आणि पुन्हा गायलाही लागला. डेथ एंजलचं वाजवणं त्या एका रात्रीवर थांबलं नाही. २००४ मध्ये, म्हणजे तब्बल चौदा वर्षांनी, त्यांचा नवा अल्बम आला.

२००९ च्या सुमारास अँडी बँडमधून बाहेर पडला. ‘मग एवढं थांबून उपयोग काय झाला?’ असं कुणी म्हणेल. माझ्या मते पुष्कळ झाला. अपघातानं त्याचं वाजवणं संपवलं नाही. बरा झाल्यावर आणखी कितीतरी वर्षं तो भावंडांबरोबर वाजवू शकला.

त्याच्या जागी आलेल्या विल कॅरोलची गोष्टही सांगायला हवी. मार्च २०२० मध्ये युरोपचा दौरा आटोपून परत येताना त्याला कोव्हिड झाला. सुमारे दोन आठवडे तो बेशुद्ध होता. पुन्हा ड्रमची जागा आणि पुन्हा इस्पितळ! ते दिवस कसे होते, हे आपण विसरलेलो नाही. मी रोज संध्याकाळी मोबाइलवर त्याची बातमी शोधायची. तो शुद्धीवर आला, हे वाचलं तेव्हा वसईच्या मैत्रिणीला फोन केला. ती आता दोन मुलांची आई आहे. फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणायच्या ऐवजी ती ‘डुगडुग डुगडुग’ म्हणाली! विल बरा झाला आणि पुन्हा वाजवायलाही लागला.

त्याच वर्षी जानेवारीत ‘ह्युमनिसाइड’ या गाण्यासाठी बँडला अमेरिकेतल्या ग्रॅमी पुरस्काराचं नामांकन होतं. पहिल्या अल्बमनंतर बत्तीस वर्षांनी! पुरस्कार दुसऱ्याच बँडला मिळाला. आमच्या चौथीतल्या मुलांना ते मुळीच पटलं नाही. ‘हे बरोबर नाही, बाई,’ असं त्यांनी एका सुरात सांगितलं. मलाही अर्थातच वाईट वाटलं होतं. पण त्यानंतरही ‘ट्रॅक पाच’ लावला, की वहीवरचा हात पहिल्या दिवसासारखाच थांबतो.

आता तुमच्यासाठी एक काम. थ्रॅश मेटल ऐका, असं मी म्हणणार नाही. तुम्हांला ते आवडेलच असं नाही. पण तुमच्या गावात, वाडीत, गल्लीत वाजवणारी माणसं नक्की असतील. भजनी मंडळ असेल, लेझीम पथक असेल, लग्नातला बँड असेल, सनईवाले असतील, दशावतारात पखवाज वाजवणारे काका असतील. त्यांची नावं कुठं छापून येत नाहीत. त्यांपैकी एकाला या सुट्टीत गाठा. त्यांचं वाद्य नीट बघा. ते किती वर्षं वाजवतात, कुणाकडून शिकले, ते विचारा. आणि शेवटी हा एक प्रश्न विचारा : ‘तुमच्यातलं कुणी आजारी पडलं, तर तुम्ही काय करता?’

जे उत्तर मिळेल, ते त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठवा. वाजवणाऱ्यांचं आणि त्यांच्या गावाचं नाव छापलं तर चालेल का, ते मात्र आधी त्यांना विचारून घ्या. निवडक पत्रं याच पानावर छापू. पाकिटावर तुमची इयत्ता लिहायला विसरू नका हं!

तुमची,
बाई